कमलाबाई सोहोनी : पेशीच्या श्वासाचा वेध

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत एक विचित्र प्रकार सुरू झाला. बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतील माणसांच्या डोक्यावरचे केस अचानक गळू लागले. हात फिरवला की केसांचा पुंजका हाती यावा आणि तीन-चार दिवसांत डोके उजाड व्हावे, अशी स्थिती झाली. लहान मुले, तरुण, वृद्ध, स्त्रिया, कोणीही सुटले नाही. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला. अनेकांनी मुंडण करून घेतले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक जानेवारी २०२५ मध्ये गावांत पोहोचले. बाधितांच्या रक्तात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले आणि पाठोपाठ रेशनवर मिळालेल्या गव्हाविषयी संशय व्यक्त झाला. त्यावरून वादही झाले.

सेलेनियम हे काही निव्वळ विष नव्हे. मानवी शरीराला ते रोज लागते; मात्र सुमारे ५५ मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतके. शरीरातील प्रत्येक पेशीत प्राणवायूच्या वापरातून हायड्रोजन पेरॉक्साइड हे दाहक रसायन सतत तयार होत असते. त्याचा निचरा करणाऱ्या विकरांपैकी एक विकर सेलेनियमवाचून काम करू शकत नाही. रोजचे प्रमाण ४०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ लागले, की हाच रक्षक भक्षक होण्याचा धोका वाढतो. अतिरेकाची पहिली चिन्हे केसांवर आणि नखांवर दिसतात.

पेशीत पेरॉक्साइड निर्माण करणारी विकरे कोणती आणि गोरगरिबांच्या ताटातील धान्यात नेमके काय असते, हे दोन प्रश्न वरवर पाहता एकमेकांपासून फार दूरचे वाटतात. पण या दोन्ही प्रश्नांवर आपले आयुष्य वेचलेली एक मराठी स्त्री विसाव्या शतकात होऊन गेली. तिचे नाव डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत कुटुंबात झाला. राजारामशास्त्री भागवतांसारख्या सुधारक पंडिताचा वारसा सांगणारे हे घराणे. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटचे, म्हणजेच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे आरंभीच्या काळातील विद्यार्थी. थोरली बहीण दुर्गा पुढे लोकसाहित्याची व्यासंगी अभ्यासक आणि निर्भीड लेखिका म्हणून महाराष्ट्राला परिचित झाली. एका बहिणीने माणसांच्या कथा आणि रूढी धुंडाळल्या, दुसरीने प्रथिने आणि विकरे. परंतु अन्यायापुढे मान न तुकविण्याचा पीळ दोघींचाही सारखाच होता.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा रसायन आणि भौतिकशास्त्र हे विषय घेऊन प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. वडील आणि काका जिथे शिकले त्या बंगळूरच्या संस्थेत आपल्यालाही सहज प्रवेश मिळेल, अशी त्यांची खात्री होती. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. नोबेल पारितोषिक मिळून त्यांना अवघी तीन वर्षे झाली होती. रामन यांनी अर्ज फेटाळला. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार स्त्री आहे, एवढेच कारण होते.

वडिलांनी आणि काकांनी रदबदली करून पाहिली. उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या. महात्मा गांधींच्या सत्याग्रहाचे संस्कार झालेली ती पिढी होती. लेखी नियमांत स्त्रियांना मज्जाव नसताना आपल्याला का नाकारले, याचा जाब त्यांनी थेट संचालकांना विचारला आणि प्रवेश घेतल्याशिवाय हलणार नाही असा पवित्रा घेतला. अखेर रामन नमले, पण अटी घालूनच. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. कामाचा दर्जा संचालकांना पसंत पडला तरच प्रवेश पक्का होणार होता. आणि त्यांच्या वावरामुळे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, कारण त्यांना काम करायचे होते. परंतु तो अपमान त्या विसरल्या नाहीत. रामन थोर शास्त्रज्ञ होते तरी याबाबतीत त्यांची दृष्टी संकुचित होती, हे त्यांनी उत्तरायुष्यात जाहीरपणे बोलून दाखविले.

बंगळूरला त्यांना एम. श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे, पण मनाने उदार मार्गदर्शक लाभले. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास हाती घेतला. विषयाची ही निवड सूचक होती. मांस-मासे न खाणाऱ्या किंवा ते परवडत नसलेल्या कोट्यवधी भारतीयांना प्रथिने मिळतात ती मुख्यतः डाळीतूनच. वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले. एवढेच नव्हे, तर त्यानंतर संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींनाही खुले झाले. १९३६ साली कमलाबाईंनी संशोधनाद्वारे एम.एस्सी. पदवी मिळविली. एका मुलीच्या हट्टाने एका मोठ्या संस्थेचा अलिखित नियम मोडून पडला होता.

पुढचा टप्पा केंब्रिजचा. १९३७ साली कमलाबाई तेथे दाखल झाल्या तेव्हा सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा जगभरात नावाजलेली होती. जीवनसत्त्वांवरील कार्यासाठी १९२९ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले होते. पेशीतील ग्लुटाथायोन या संयुगाला नाव देणारेही हॉपकिन्सच. ते वर्ष होते १९२१. सेलेनियमयुक्त विकर पेरॉक्साइडचे पाण्यात रूपांतर करते ते याच ग्लुटाथायोनच्या साह्याने. शेगावच्या प्रकरणाचा एक रासायनिक धागा असा थेट केंब्रिजच्या त्या प्रयोगशाळेपर्यंत जाऊन पोहोचतो.

प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती. तेव्हा डेरेक रिश्टर या संशोधकाने आपले टेबल दिवसा कमलाबाईंना वापरायला दिले आणि स्वतः रात्री काम करण्याची तयारी दाखविली. बंगळूरच्या अटींच्या पार्श्वभूमीवर हे सौजन्य कमलाबाईंना किती मोलाचे वाटले असेल, याची कल्पना करता येते. याच काळात जर्मनीतील नाझी राजवटीमुळे मायदेश सोडावा लागलेले हर्मन ब्लाश्को हेही केंब्रिजमध्ये काम करीत होते. स्त्री म्हणून नाकारली गेलेली भारतीय तरुणी आणि ज्यू म्हणून परागंदा झालेला शास्त्रज्ञ एका प्रश्नावर एकत्र आले. भागवत, ब्लाश्को आणि रिश्टर या तिघांचा अमाइन ऑक्सिडेज या विकरावरील प्रबंध १९३९ साली बायोकेमिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हे विकर शरीरातील अमाइन वर्गातील संयुगांचे विघटन करते. या क्रियेत प्राणवायू खर्ची पडतो आणि अमोनियाबरोबर हायड्रोजन पेरॉक्साइडही बाहेर पडते. म्हणजे पेशी आपले नित्याचे काम करतानाच स्वतःला इजा पोहोचवू शकणारा पदार्थ निर्माण करते. पेशीच्या वार्धक्याविषयी आज जो विचार केला जातो, त्याच्या मुळाशी असलेल्या अनेक निरीक्षणांपैकी हे एक होय.

रिश्टर यांच्यानंतर कमलाबाईंनी रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतींवर काम सुरू केले. डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोम या रंगद्रव्यांना नाव देऊन पेशीच्या श्वसनातील त्यांचे स्थान दाखवून दिले होते. वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाची हीच यंत्रणा काम करते काय, हा प्रश्न पुरेसा उलगडलेला नव्हता. कमलाबाईंनी त्यासाठी साधा बटाटा निवडला. बटाट्याच्या ऊतींत सायटोक्रोम सी असल्याचे त्यांना आढळले आणि वनस्पतींच्या पेशींचे श्वसनही त्यावरच चालते, असे प्रतिपादन त्यांनी केले. सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयी हिल आणि भागवत यांचे टिपण नेचर या नियतकालिकात १९३९ साली छापून आले. प्राणी आणि वनस्पती यांच्यातील नात्याचा आणखी एक पुरावा त्यातून पुढे आला.

अवघ्या चौदा महिन्यांत काम पुरे करून कमलाबाईंनी प्रबंध सादर केला. तो सुमारे ४० पानांचाच होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. केंब्रिजमधून विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

त्या कामाचे महत्त्व पुढील काळात कसे वाढत गेले, हे पाहण्यासारखे आहे. स्वीडनमध्ये योहानेस र्‍होडिन यांना १९५४ साली उंदराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बारीक गोल कण दिसले. त्यांचे काम काय, हे ठाऊक नव्हते. बेल्जियमचे ख्रिश्चन द दूव आणि त्यांचे सहकारी पिअर बोदँ यांनी या कणांत पेरॉक्साइड निर्माण करणारी ऑक्सिडेज विकरे आणि त्याच पेरॉक्साइडचा नाश करणारे कॅटालेज हे विकर एकत्र नांदत असल्याचे दाखविले आणि १९६६ च्या सुमारास त्यांना पेरॉक्सिसोम हे नाव रूढ केले. कमलाबाईंनी अभ्यासलेले अमाइन ऑक्सिडेज मात्र या कणांत नसते. ते तंतुकणिकांच्या बाह्य पटलावर असते, हे नंतर स्पष्ट झाले. पण दोहोंचे रसायन एकाच कुळातले आहे आणि दोन्ही ठिकाणी प्रश्नही एकच आहे : निर्माण झालेल्या पेरॉक्साइडचे करायचे काय?

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले की फेस येतो, हे घरोघरी पाहिलेले असते. तो फेस म्हणजे कॅटालेजने पेरॉक्साइडची फोड करून मोकळा केलेला प्राणवायू. बटाट्याच्या ताज्या कापावर ते टाकले तरी तसाच फेस येतो. विषारी काम बंद खोलीत करावे आणि तिथेच त्याची विल्हेवाट लावावी, अशी ही पेरॉक्सिसोमची व्यवस्था. लांब साखळीची मेदाम्ले मोडणे हेही याच खोलीतले काम. ही खोली जन्मतःच बांधली गेली नाही, तर झेलवेगर नावाचा दुर्धर विकार होतो आणि अशी बहुतेक बालके पहिला वाढदिवसही पाहत नाहीत.

वार्धक्याशी या कणांचा संबंध जोडण्यास आधार मिळाला तो डेनहॅम हार्मन यांच्या सिद्धान्ताचा. प्राणवायूपासून निर्माण होणाऱ्या दाहक रेणूंनी केलेली हानी साचत गेल्याने शरीर जीर्ण होते, असे त्यांनी १९५६ साली मांडले. पुढे मानवी त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढविताना असे दिसले, की पेशी म्हाताऱ्या होऊ लागल्या की कॅटालेज पेरॉक्सिसोमच्या आत नीट पोहोचत नाही. विकर तयार होते, पण दाराबाहेर खोळंबते. आत पेरॉक्साइड साचते आणि ते तंतुकणिकांनाही उपद्रव देऊ लागते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तंतुकणिकांमध्ये जादा कॅटालेज पोहोचेल अशी योजना केलेले उंदीर सरासरी सुमारे पाच महिने अधिक जगले. तरीही हार्मन यांचा सिद्धान्त जसाच्या तसा आज स्वीकारला जात नाही. अल्प प्रमाणातील पेरॉक्साइड पेशींना आपसांत निरोप देण्यासाठी आवश्यकच असते. संकट आहे ते तोल ढळण्यात. कमलाबाईंच्या बटाट्यातील सायटोक्रोम सी याविषयीही नवी माहिती १९९६ साली पुढे आली : पेशीला श्वास पुरविणारे हेच प्रथिन तंतुकणिकेतून बाहेर पडले, की पेशीच्या नियोजित मृत्यूची प्रक्रिया सुरू होते.

कमलाबाईंनी वार्धक्यावर संशोधन केले नाही. पदवी घेऊन त्या १९३९ साली मायदेशी परतल्या, त्या इथल्या माणसांच्या पोटाचा प्रश्न हाती घेण्यासाठी. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. त्यानंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली विमागणिती एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि पुढे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

तेथे त्यांनी विद्यार्थ्यांची एक पिढी घडविली आणि संशोधनाला विषय दिले ते सामान्यांच्या स्वयंपाकघरातले. कडधान्यांत प्रथिने भरपूर असली तरी ती पचविणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडविणारे घटकही त्यांत असतात. भारतीय खाद्यपदार्थांतील अशा घटकांवर त्यांच्या प्रयोगशाळेतून संशोधन प्रसिद्ध झाले. कडधान्ये शिजवून खाण्याची रीत पोषणाच्या दृष्टीने का हितकर आहे, याचे उत्तर या अभ्यासातून मिळते. भाताच्या पिठाच्या पोषणमूल्याचा अभ्यास त्यांनी करविला. आरे दूध प्रकल्पाला त्यांनी गुणवत्तेविषयी सल्ला दिला.

त्यांचे सर्वाधिक गाजलेले काम नीरेवरचे. ताडवर्गीय झाडांचा आंबण्यापूर्वीचा हा गोड रस आदिवासींच्या परिचयाचा, स्वस्त आणि सहज मिळणारा. त्याच्या पोषणमूल्याचा शोध घेण्याची सूचना राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केली होती. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे कमलाबाईंनी दाखविले. आहारात नीरेचा समावेश केल्यावर कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या प्रकृतीत सुधारणा आढळली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

एवढे कर्तृत्व असूनही संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना ताटकळावे लागले. अंतर्गत राजकारणामुळे त्यांची नेमणूक सुमारे चार वर्षे रखडली. बंगळूरला उघडपणे सांगितले गेलेले कारण मुंबईत कोणी उच्चारले नाही, एवढाच काय तो फरक. अखेर पद मिळाले आणि ते त्यांनी समर्थपणे सांभाळले. १९६९ साली त्या निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर हातातली परीक्षानळी गेली, तरी तपासून पाहण्याची वृत्ती गेली नाही. १९६६ साली नऊ महिलांनी मुंबईत स्थापन केलेल्या कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेशी कमलाबाई आरंभापासून निगडित होत्या. अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ पासून होता. पण दुकानातल्या डाळीत, तिखटात, तेलात काय मिसळले आहे हे गृहिणीला सांगणारे कोणी नव्हते. हे काम या संस्थेने अंगावर घेतले. तिच्या कीमत या नियतकालिकात कमलाबाईंनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले. १९८२-८३ या वर्षासाठी त्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या. देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला तो त्यानंतर, १९८६ साली.

देशाला त्यांची नीट आठवण झाली ती फार उशिरा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांच्या कानी कमलाबाईंची जीवनकथा आली आणि त्यांनी पुढाकार घेऊन दिल्लीत सत्कार घडवून आणला. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच काळात, १९९८ साली, त्यांचे निधन झाले. ज्यासाठी आयुष्यभर थांबावे लागले तो मान पदरात पडला त्याच व्यासपीठावर शेवटाची चाहूल लागावी, हा योग चटका लावणारा होता.

त्याच परिषदेचे पथक सुमारे सव्वीस वर्षांनी शेगावच्या गावांत रक्ताचे, पाण्याचे नमुने गोळा करीत होते. अनेकांचे केस काही आठवड्यांनी पुन्हा उगवले. काहींच्या नखांवर मात्र नंतर परिणाम दिसले. रेशनच्या दुकानातून घरी येणारे धान्य निवडण्याची मुभा गरिबाला नसते. पुढ्यात येईल ते त्याने दळावे आणि खावे, अशीच रीत आहे. त्या दाण्यात काय आहे हे त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी आधीच तपासलेले असावे, हीच कमलाबाईंच्या उत्तरायुष्यातील कामामागची तळमळ होती. पेशी आपल्या पोटातील विषाचा हिशेब क्षणोक्षणी चुकता करीत असते. समाजाने तसा हिशेब ठेवावा यासाठी झटलेल्या या विदुषीचे नाव बुलढाण्याच्या त्या गावांत कदाचित कोणी ऐकलेही नसेल. तिचे काम मात्र तेथे अजून व्हायचे आहे.